दहाव्या दिवशीच्या गाठी

१९४९ साली शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन यांनी उंदरांवर एक विलक्षण प्रयोग केला. उंदराची प्लीहा, तिच्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून, पोटाबाहेर काढायची आणि शिशाच्या आवरणात झाकायची. मग उरलेल्या सगळ्या अंगावर क्ष-किरणांचा जीवघेणा मारा करायचा. एरवी एवढ्या माऱ्यानंतर उंदीर काही दिवसांत मरत. प्लीहा झाकलेले मात्र बहुतेक जगले. एवढासा अवयव वाचला म्हणून अख्खा प्राणी वाचावा, हे कोडं होतं.

प्रयोगामागे युद्ध होतं. अणुबाँबच्या प्रकल्पात काम करणाऱ्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांत जेकबसन होते. हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून आणि आगीतून सुटलेली कितीतरी माणसं पुढच्या काही आठवड्यांत गेली. केस गळायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर जांभळे ठिपके उठायचे आणि एखादा किरकोळ संसर्ग जीव घ्यायचा. त्यांचं रक्त संपत आलेलं असे. आपल्या शरीरात रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, काही पांढऱ्या पेशी तर दिवसभरही नाही. हाडांच्या पोकळीतली अस्थिमज्जा हे सगळं अहोरात्र पुरवत असते. किरणांनी तिथलं पेशीविभाजन थांबलं की जुनं रक्त संपेपर्यंतच काय तो अवकाश. उंदरात प्लीहाही रक्त बनवते, म्हणून ती झाकून उपयोग झाला.

१९५१ साली अमेरिकेतच एगॉन लॉरेंझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्लीहा झाकायचीही गरज नाही. मारा झाल्यावर दुसऱ्या उंदराची मज्जा शिरेतून टोचली तरी उंदीर वाचतो. पण का वाचतो, यावर दोन तट पडले. जेकबसन यांना वाटत होतं की मज्जेतून एखादा रस पाझरत असावा आणि तो उंदराच्या स्वतःच्या मज्जेला उठवत असावा. दुसरा पक्ष म्हणे, टोचलेल्या पेशीच तिथे जाऊन ठाण मांडतात. निकाल १९५६ साली इंग्लंडात हारवेलला लागला. चार्ल्स फोर्ड, जॉन लौटिट आणि सहकाऱ्यांकडे उंदरांची एक जात होती. तिच्या पेशींत एक गुणसूत्र इतकं बुटकं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येई. त्या जातीची मज्जा टोचलेल्या उंदराच्या मज्जेत नंतर ते बुटकं गुणसूत्र सापडलं. रस नव्हता, पेशीच होत्या.

मात्र कुठल्या पेशी, आणि किती? मज्जेत तऱ्हेतऱ्हेच्या लाखो पेशींची सरमिसळ असते. सगळ्यांचा उगम एका प्रकारच्या मूळपेशीत असावा, असं जर्मन आणि रशियन सूक्ष्मदर्शकवाले विसाव्या शतकाच्या आरंभापासून म्हणत होते. ती पेशी कशी दिसते यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. प्रत्येकाकडे आपली रंगवलेली काचपट्टी आणि तिच्यावर आपली आवडती गोल पेशी. दुसऱ्याला ती पटवून देण्याचा उपाय कुणाकडेच नव्हता. हा वाद शेवटी ज्यांनी मोडला त्यांनी ती पेशी पाहिलीच नाही. त्यांनी ती मोजली.

टोरांटोच्या शेरबोर्न रस्त्यावर १९५८ साली प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटल उघडलं. त्याच इमारतीत ऑन्टारियो कॅन्सर इन्स्टिट्यूट होती. भौतिकी विभागाचे प्रमुख हॅरॉल्ड जॉन्स. १९५१ साली सॅस्काटूनमध्ये कोबाल्ट-६० वापरून कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र उभारणाऱ्यांत ते अग्रणी होते. जीवशास्त्राचे प्रमुख आर्थर हॅम हे ऊतिशास्त्राचे नामांकित लेखक, आणि तरुणपणी कॅनडाकडून डेव्हिस कपमध्ये टेनिस खेळलेले. या दोघांनी माणसं गोळा करताना एक धोरण सांभाळलं. डॉक्टरांच्या शेजारी भौतिकशास्त्रज्ञ बसवायचे.

अशीच एक जोडी जमली. अर्नेस्ट मॅक्कलॉक टोरांटोचेच, १९२६ चा जन्म, खानदानी घर, अप्पर कॅनडा कॉलेजसारख्या प्रतिष्ठित शाळेत शिक्षण, १९४८ साली वैद्यकीची पदवी. मित्रमंडळी त्यांना ‘बन’ म्हणत. बुटके, गबाळे, वाचनवेडे, एका वाक्यात तीन कल्पना मांडणारे. जेम्स टिल पाच वर्षांनी लहान. सॅस्काचेवान आणि अल्बर्टा यांच्या सीमेवरच्या लॉइडमिन्स्टर या गावातल्या शेतकरी कुटुंबातले. जॉन्स यांच्या हाताखाली त्यांनी कोबाल्टच्या किरणांवर एमएस्सीचं काम केलं आणि १९५७ साली येलमधून जीवभौतिकीत डॉक्टरेट घेतली. उंच, सडपातळ, मितभाषी. आकडा दोनदा तपासल्याशिवाय तोंडातून बाहेर न काढणारे. एकमेकांची चीड यावी अशीच ही दोन माणसं होती. प्रत्यक्षात त्यांचं वर्षानुवर्षं छान जमलं.

त्यांचा प्रश्न मुळात मूळपेशींचा नव्हताच. किरणोपचाराने कर्करोगाच्या पेशी मरतात, पण सोबत रुग्णाची मज्जाही मरते. तेव्हा मज्जेच्या पेशी नेमक्या किती माऱ्याला किती मरतात, हे त्यांना हवं होतं. १९५५-५६ साली डेन्व्हरला थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशींसाठी हे मोजून दाखवलं होतं. मारा देऊन पेशी बशीत पसरायच्या. जी जगेल तिच्यापासून एक वसाहत तयार होते, वसाहती मोजल्या की जगलेल्या पेशी मोजल्यासारखंच. जिवाणू आणि विषाणूंवर काम करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. पण साध्या मज्जेच्या पेशी तेव्हा बशीत तशा वाढत नव्हत्या. बशीऐवजी जिवंत उंदीरच वापरणं भाग होतं.

पहिली पद्धत बोजड होती. मज्जा गमावलेल्या उंदरांना वेगवेगळ्या प्रमाणात पेशी टोचायच्या आणि तीस दिवसांनी किती जगले ते बघायचं. एकेका आकड्यासाठी पिंजरेच्या पिंजरे खर्ची पडत. उत्तर मिळे ते ‘जगला’ किंवा ‘मेला’ एवढंच.

मग १९६० साली एका रविवारी मॅक्कलॉक उंदरांचं काम उरकायला प्रयोगशाळेत आले. मज्जा टोचून दहा दिवस झालेले उंदीर त्यांनी फाडून पाहिले. प्लीहेवर फुगीर, गोलसर गाठी उठल्या होत्या. इतक्या ठळक की भिंगाविना मोजता याव्यात. गाठी कुणालाही दिसल्या असत्या. मॅक्कलॉक यांनी केलं ते असं, की कुठल्या उंदराला किती पेशी टोचल्या होत्या आणि त्याच्या प्लीहेवर किती गाठी आल्या, याचा तिथल्या तिथे आलेख मांडला. ठिपके एका सरळ रेषेत आले. सोमवारी तो कागद घेऊन ते टिल यांच्याकडे गेले. हकीगत अशीच सांगितली जाते. दोघांच्या स्वभावाला ती इतकी फिट्ट बसते की शंका घ्यायचं मन होत नाही.

सरळ रेषेत खूप काही दडलं होतं. पेशी दुप्पट केल्या की गाठी दुप्पट. म्हणजे गाठ होण्यासाठी दोन-चार पेशींनी जुळून यावं लागत नाही. प्रत्येक गाठ एकेकट्या पेशीपासून सुरू होत असावी. सुमारे १०,००० मज्जापेशी टोचल्या तर एक गाठ. तिचा काप घेऊन पाहिला तर आत पक्व होत चाललेल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बनवणाऱ्या महाकाय पेशी, कधी सगळ्या एकत्र, एकाच गाठीत. दहा हजारांतली एक पेशी, आणि तिच्यापोटी रक्ताचे इतके प्रकार.

फेब्रुवारी १९६१ च्या ‘रेडिएशन रिसर्च’मध्ये हे छापून आलं. शीर्षक मराठीत मांडायचं तर ‘उंदराच्या सामान्य अस्थिमज्जेतील पेशींच्या किरणोत्सर्ग-संवेदनशीलतेचे थेट मापन’. यापेक्षा रुक्ष शीर्षक शोधून सापडायचं नाही. निबंधाचा मुख्य ऐवजही तसाच: मारा वाढवत गेलं की दर ११५ रॅडला (रॅड हे माऱ्याचं माप) गाठी देणाऱ्या पेशी सुमारे ३७ टक्क्यांवर येतात. किरणोत्सर्गाच्या बाहेरच्या कुणी तो वाचण्याचं कारणच नव्हतं, आणि फारसा कुणी वाचलाही नाही. लेखकांनी ‘मूळपेशी’ हा शब्द टाळून ‘वसाहत निर्माण करणारा घटक’ असलं काहीतरी लिहिलं. पेशीसुद्धा नव्हे, घटक. एका पेशीपासून एक गाठ हे अजून सिद्ध झालं नव्हतं, सरळ रेषेवरून काढलेला तो तर्क होता. आजच्या संशोधकाने हाच शोध लावला असता तर शीर्षकात काय काय आलं असतं, याची कल्पना करून बघावी. मला त्या दोघांचा संकोच आवडतो. मात्र त्यामुळे त्यांचं नाव किती वर्षं मागे पडलं हेही खरं.

तर्काला पुरावा मिळवून दिला अँडी बेकर या विद्यार्थ्याने. हारवेलवाल्यांनी वापरलेली बुटक्या गुणसूत्राची युक्ती त्याने आणखी बारीक केली. मज्जा टोचल्यानंतर पेशींना किरणांचा मारा द्यायचा. त्यात काही पेशींची गुणसूत्रं तुटून वेडीवाकडी सांधली जातात आणि तरी त्या जगतात. प्रत्येक तुटफूट वेगळी, म्हणजे पेशीच्या अंगावर तिची स्वतःची निशाणी. आता अशी निशाणी असलेल्या पेशीपासून गाठ झाली तर गाठीतल्या सगळ्या पेशींत तीच निशाणी मिळायला हवी. तशा गाठी थोड्या मिळाल्या, पण ज्या मिळाल्या त्यांतल्या विभागणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशींत एकच वेडंवाकडं गुणसूत्र होतं. बेकर, मॅक्कलॉक आणि टिल यांचा हा निबंध १९६३ साली ‘नेचर’मध्ये आला. माझ्या मते खरा टणत्कार हा. १९६१ च्या गाठी पाहून दुसऱ्या कुणी शंका काढली असती. १९६३ नंतर शंकेला जागा उरली नाही.

पण अनेक प्रकारच्या पेशी देणं हे मूळपेशीचं अर्धं लक्षण झालं. उरलेलं अर्धं असं, की वाटून टाकतानाच तिने स्वतःसारखी पेशीही मागे ठेवायला हवी. भांडंभर दूध विरजून पुन्हा उद्यासाठी चमचाभर दही बाजूला राहावं, तसं. हे तपासण्यासाठी जोडीत तिसरा माणूस आला, लू सिमिनोविच. ते मूळचे माँट्रियलचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत त्यांनी जिवाणूंच्या विषाणूंवर काम केलं होतं, त्यामुळे वसाहती मोजून पेशीच्या पोटातलं ओळखण्याचं शास्त्र त्यांच्या हातात मुरलेलं होतं. तिघांनी एकेक गाठ सोडवून घेतली, तिच्या पेशी सुट्या केल्या आणि नव्या उंदरांना टोचल्या. नव्या गाठी आल्या. पेशी स्वतःला पुन्हा घडवत होती.

या प्रयोगात एक अडचणीचा आकडा निघाला आणि मला तोच सर्वांत रंजक वाटतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या गाठींपैकी काहींतून दुसऱ्या फेरीत जवळजवळ काहीच उगवलं नाही, तर काहींतून भरमसाट. साध्या योगायोगाच्या गणितात मावणार नाही इतका फरक. एखाद्याने प्रयोगातली चूक म्हणून हे बाजूला सारलं असतं. टिल यांनी त्याचंच गणित मांडलं. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीपुढे दोन वाटा असतात: स्वतःसारख्या पेशी वाढवायच्या, किंवा पक्व होऊन त्या वंशातून बाहेर पडायचं. कुठली पेशी कुठल्या वाटेने जाईल हे आधी ठरलेलं नसतं. ठरलेली असते ती केवळ शक्यता. यादृच्छिक आकडे घेऊन त्यांनी अशा काल्पनिक गाठी वाढवून पाहिल्या, तर खऱ्या गाठींतला तोच बेबंद विखुरलेपणा समोर आला. १९६४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रात तो निबंध आला. टेक्सासमधले जॉन ट्रेंटिन आणि त्यांचे सहकारी उलट म्हणत होते. पेशीभोवतीचा परिसर तिला वाट दाखवतो. वाद रंगला आणि तो आजही पुरता मिटलेला नाही.

परिसराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र टोरांटोतूनच आला. मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एलिझाबेथ रसेल जन्मजात पंडुरोगी उंदरांच्या दोन जाती सांभाळत होत्या. एकीचं नाव डब्ल्यू, दुसरीचं स्टील. दिसायला दोन्ही सारख्या: फिकट कातडी, पांढुरकी लव, रक्त कमी. गाठींच्या कसोटीवर त्या अगदी उलट निघाल्या. डब्ल्यू उंदराची मज्जा निरोगी उंदरात टोचली तर गाठी येत नाहीत, पण निरोगी मज्जा डब्ल्यू उंदरात मजेत वाढते. तिथे दोष पेशीत. स्टील उंदराची मज्जा निरोगी उंदरात चांगल्या गाठी देते, पण निरोगी मज्जा स्टील उंदरात रुजत नाही. दोष जागेत. १९६४-६५ साली हे निष्कर्ष छापले गेले. १९८८ ते १९९० या काळात जनुकं हाती आली तेव्हा कळलं की डब्ल्यूमध्ये पेशीच्या पृष्ठभागावरचा किट नावाचा ग्राहक बिघडलेला आहे, आणि स्टीलमध्ये त्या ग्राहकाला येऊन जुळणारं प्रथिन. कुलूप एका जातीत मोडलेलं, किल्ली दुसरीत. गाठी मोजून काढलेलं उत्तर पंचवीस वर्षांनी रेणूंनी जसंच्या तसं खरं ठरवलं.

याच सुमारास गाठ देणाऱ्या पेशीचं आसन डळमळू लागलं होतं, तेही घरातूनच. रॉन वॉर्टन या विद्यार्थ्याने १९६९ साली या पेशी आकारमानानुसार वेगळ्या करून दाखवलं की सगळ्या सारख्या नाहीत. काहींत स्वतःला घडवण्याची ताकद जास्त, काहींत कमी. पुढे १९८२ साली मारिया मागली, नॉर्मन आयस्कोव्ह आणि निकोलस ओडार्तचेंको यांनी एकाच प्लीहेवर दिवसागणिक नजर ठेवली. आठव्या दिवशी दिसणाऱ्या गाठी पुढच्या तीन दिवसांत विरून जात होत्या आणि बाराव्या दिवशी दिसणाऱ्या गाठी वेगळ्याच होत्या. म्हणजे ज्या गाठींवर सगळी इमारत उभी होती त्यांतल्या बऱ्याचशा मूळपेशीच्या नव्हेतच, तिच्या अल्पजीवी वंशजांच्या. मुळाशी असलेली पेशी त्याहूनही विरळ होती.

हे ऐकून १९६१ चा शोध फुसका ठरला असं वाटण्याचा संभव आहे. तसं झालं नाही. गाठ खोटी ठरवणाऱ्यांनी वापरलेली कसोटीही टिल आणि मॅक्कलॉक यांचीच होती: मज्जा मारलेल्या उंदरात पेशी सोडा, त्या काय करतात ते बघा, मोजा. १९८८ साली स्टॅनफर्डला अर्व्हिंग वाइसमन यांच्या गटाने प्रतिपिंडांनी खूण करून उंदराच्या रक्ताच्या मूळपेशी निवडून काढल्या. त्यांतल्या केवळ तीस पेशींनी मरणाच्या दारातले निम्मे उंदीर वाचवले. १९९६ साली जपानमध्ये हिरोमित्सू नाकाउची यांच्या गटाने एकाच पेशीवर उंदराचं रक्त पुन्हा उभं करून दाखवलं. जुलै २०११ मध्ये टोरांटोतच जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेने माणसाच्या एकेका मूळपेशीबाबत हेच साधलं. त्याआधी डिक यांनी रक्ताच्या कर्करोगातही मोजक्याच पेशी बाकीच्यांना जन्म देतात हे दाखवलं होतं. मॅक्कलॉक यांच्या उत्तरायुष्यातला मोठा भाग याच रोगाला दिलेला होता.

माणसांवरचे उपचार मात्र या सगळ्या मोजमापाची वाट पाहत थांबले नव्हते. १९५७ साली डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्यांची मज्जा दिली, पण त्यांतलं कुणीही शंभर दिवसांपुढे जगलं नाही. पुढच्याच वर्षी व्हिंचा इथल्या अणुभट्टीतल्या अपघातात सापडलेल्या युगोस्लाव्ह तंत्रज्ञांवर पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी तोच प्रयोग केला. पहिली काही वर्षं अपयशाचीच होती. ऊतीची जुळणी कळल्यावर १९६८ पासून पावलं पडू लागली, आणि थॉमस यांना सिअ‍ॅटलमधल्या कामासाठी १९९० चं नोबेल मिळालं. भारतातलं पहिलं मज्जा-प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून सबंध वैद्यकी करणारे हे डॉक्टर. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात ललिता लिमये आणि वैजयंती काळे यांनी प्रत्यारोपणाच्या एका व्यवहारी प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं: गोठवलेल्या मूळपेशी वितळवल्यावर जास्तीत जास्त किती जिवंत राहतील? ट्रेहॅलोज नावाची शर्करा आणि कॅटॅलेज हे विकर गोठवणीच्या द्रावणात घालून त्यांनी पेशी टिकवून दाखवल्या.

टिल आणि मॅक्कलॉक यांना १९६९ साली गेर्डनर पुरस्कार मिळाला, लास्कर पुरस्कार थेट २००५ मध्ये. नोबेल आलंच नाही. २०१२ साली मूळपेशींच्या नावाने ते गेलं शिन्या यामानाका आणि जॉन गर्डन यांच्याकडे. मॅक्कलॉक २० जानेवारी २०११ रोजी वारले, पहिल्या निबंधाची पन्नाशी भरायला काही दिवस उरले असताना. टिल यांनी तोवर प्रयोगशाळा मागे टाकली होती. उपचार घेणाऱ्या रुग्णांचं जगणं कसं असतं हे मोजण्यात ते रमले, आणि नंतर संशोधन सर्वांना फुकट वाचता यावं या चळवळीत. दोघांतल्या कुणीही न मिळालेल्या नोबेलबद्दल कडवटपणे बोलल्याचं माझ्या वाचनात नाही. हळहळतात ते कॅनडाचे बाकीचे लोक.

आज प्रत्यारोपण विभागात पिशवी लावण्याआधी एक आकडा मागितला जातो: रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे सीडी-३४ ही खूण असलेल्या पेशी किती? साधारणपणे किलोला २० लाख तरी लागतात. त्याखाली आकडा गेला की डॉक्टर पुन्हा पेशी गोळा करायचा विचार करतात. सीडी-३४ ची खूण मूळपेशीवर असते तशी तिच्या अल्पजीवी वंशजांवरही असते, आणि त्या २० लाखांत वंशजांचीच बहुसंख्या असते. यंत्र खूण मोजतं, काही मिनिटांत. खऱ्या मूळपेशी किती होत्या याचं उत्तर हवं असेल, तर अजूनही पेशी उंदराला टोचाव्या लागतात आणि काही महिने थांबावं लागतं.